वाहूळ सरांचा उंच वाफा

वाहूळ सरांना राग येत असे, असं म्हणणं अपुरं आहे. राग त्यांच्याकडे कायमचा राहायलाच होता. बाहेरच्याने फक्त दार वाजवायचं. मी ते पहिल्यांदा वाजवलं ते माझ्या पाण्याच्या टाकीमुळे.

पडेगावच्या पुढे, दौलताबाद रस्त्यावरून आत वळलं की आमची सोसायटी. रो-हाउसच्या दोन रांगा, मधे एक मोकळी जागा, आणि आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणी. तेही आठवड्यातून म्हणायचं ते मनाच्या समाधानासाठी. राहायला येऊन चारच दिवस झाले होते. नळ आला, मी मोटर लावली आणि कणीक मळायला बसले. टाकी भरली, वाहायला लागली, मला पत्ता नाही. रस्त्यावरून आवाज आला, "मोटर बंद करा वो! आठ दिवसाचं पाणी गटारात चाललंय, दिसत नाय का?"

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. एक उंच, काटक म्हातारा आमच्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली बादली लावून उभा होता. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानावर सुतारी पेन्सिल. मी बटण बंद केलं. "लई उपकार झाले," तो म्हणाला आणि बादली उचलून चालायला लागला. माझं पाणी, माझा पाइप, आणि वर मलाच बोलणी. मला असा संताप आला की पोळ्या सगळ्या वातड झाल्या.

सर सरकारी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झाले होते. लाकूड दिसलं की त्यावर टकटक करायचं, नखाने खरवडायचं आणि वास घ्यायचा, ही त्यांची सवय. लग्नात गेले तर आधी मांडवाचा खांब वाजवत, मग नवरानवरीकडे बघत. "लाकूड खोटं बोलत नाय," असं त्यांचं म्हणणं. "माणसं पॉलिश मारून त्याला खोटं बोलायला लावत्यात."

हे वाक्य त्यांनी माझ्याच घरी, वास्तुशांतीच्या दिवशी, भर पाहुण्यांत म्हटलं. आलेल्या प्रत्येकाला मी दाराची चौकट दाखवत होते. सागवानी आहे, बिल्डरकडून खास मागून घेतली, वगैरे. सरांनी चौकट वाजवली, खालच्या बाजूला खरवडली, बोट नाकाशी नेलं. "मॅडम, ही आंब्याची हाय. फसवलं तुम्हाला. दोनतीन वर्षात वाळवी लागंल, आत्ताच काढून टाका." बायका पदराआड हसल्या. सरांच्या पत्नी कमलबाई घाईघाईने म्हणाल्या, "त्यांच्या तोंडाला लगाम नाय बाई. मनावर घेऊ नका." मी मनावर घेतलं. चांगलं तीन वर्षं घेतलं, आणि त्याचं काय झालं ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

कमलबाई कन्नडकडच्या. माहेरी भाजीचा मळा, सासरी कोरडवाहू. शहरात आल्यावरही मागच्या अंगणात दोन वाफे कायम. बोलणं हळू, हसणं त्याहून हळू. सर ओरडत असताना त्या शांतपणे शेंगा निवडत बसायच्या आणि ओरडणं संपलं की म्हणायच्या, "झालं? आता पाणी प्या." सर पाणी प्यायचे.

आम्ही आलो त्याच वर्षी कमलबाईंना अर्धांगाचा झटका आला. पाय काठीच्या आधाराने चालायला लागला, पण उजवा हात लुळाच राहिला. वाकणं बंद झालं. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिने रबरी चेंडू दिला आणि दिवसातून शंभर वेळा दाबायला सांगितलं. कमलबाईंनी दोन दिवस दाबला आणि मग खिडकीत ठेवून दिला. "ह्या चेंडूला काय उगवायचंय?" त्या म्हणाल्या.

सर त्या दिवशी कुणावर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी आणि काटकोन बघायचा गुण्या घेऊन ते मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात मापं घेताना दिसले. त्या कोपऱ्यात तोवर गाजरगवत आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या याशिवाय काही नव्हतं. त्यांना कमरेएवढा उंच वाफा करायचा होता, म्हणजे कमलबाईंना स्टुलावर बसून, न वाकता मातीत हात घालता येईल. आणि त्याच्या पोटात लाकूड पुरायचं होतं. पाणी आठवड्याला एकदा. रोज शिंपायला आणायचं कुठून? हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. त्यांच्या गावी एका बांधात जुना उंबर पडून मातीखाली गेला होता. "दुष्काळात समदं शिवार वाळलं, तिथला दोडक्याचा वेल तेवढा हिरवा. उकरून बघितलं तर आत उंबर कुजून स्पंजावानी झालेला. पिळला की पाणी."

आमचे अध्यक्ष जगदाळे तेव्हा म्हणाले होते, "करा की सर, कोण नको म्हणतंय." सरांनी ते लिहून घेतलं नाही. एक सूत इकडचं तिकडे झालं तर विद्यार्थ्याला अख्खी खुर्ची मोडायला लावणारा हा माणूस, आणि याने जगदाळेंचा तोंडी शब्द घेतला. याचा मला अजून राग येतो.

लाकूड आणलं कडुबाने. कडुबा हा सरांचा जुना विद्यार्थी, आता शेंद्र्याला एका कारखान्यात सुपरवायझर. पन्नाशीचा, पोट सुटलेला, हाताखाली वीसेक माणसं. पहिल्या खेपेला त्याने टेम्पोभर पॅलेट आणल्या, कारखान्यात माल ठेवतात त्या चौकटी. सरांनी एक फळी हुंगली, जिभेला लावली आणि थुंकले. "औषध मारलंय ह्याला. हे तुझ्या काकूच्या भाजीखाली घालू? तीस वर्षापूर्वी बी असाच व्हतास, वास न घेता लाकूड उचलायचास. ने माघारी." वीस माणसांवर हुकूम चालवणारा कडुबा मान खाली घालून उभा. पुढच्या रविवारी तो एका प्लॉटवर बिल्डरने पाडलेल्या झाडांचे ओंडके घेऊन आला: गुलमोहर, आंबा, शेवगा. सागाचं एक खोड चुकून आलं होतं, ते सरांनी बाजूला काढलं. "हे कुजायला मही नातवंडं म्हातारी व्हायची."

गुडघाभर चर खणला. इथली जमीन म्हणजे मुरूम. टिकाव मारला की ठिणगी उडायची. तळाला जाड ओंडके, त्यावर फांद्या, त्यावर काटक्या आणि पालापाचोळा, मग पडेगावच्या गोठ्यातलं शेण, वर माती. प्रत्येक थर सर पायाने तुडवत आणि मधल्या फटी मुठीने भरत. आत पोकळी राहिली की उंदीर राहायला येतात म्हणे. मग तीन आठवडे ते नळाच्या दिवशी बादल्या घेऊन फिरले. कुणाची टाकी किती वाजता वाहते ते त्यांना पाठ होतं. सगळ्या सोसायटीच्या निष्काळजीपणावर तो वाफा भिजला, आणि प्रत्येक बादलीमागे घरमालकाला दोन शब्द ऐकावे लागले. लोक मोटर वेळेवर बंद करायला लागले तर सरांची पंचाईत झाली असती, पण तशी वेळ आली नाही.

पहिल्या हंगामात मेथी टाकली, पालक टाकला. उगवलं आणि पिवळं पडलं. बोटभर वाढून सगळं हळदीने माखल्यासारखं. येणारे जाणारे थांबून बघायचे. जगदाळे म्हणाले, "सर, ही समाधी कुणाची बांधली?" सरांनी पायाजवळचं घमेलं लाथेने उडवलं. ते थेट नाल्यात.

कमलबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "वरडून मेथी हिरवी व्हती का? लाकूड कच्चं हाय. कुजताना समदी ताकद तेच वढून घ्यायलंय. औंदा चवळी लावा, ती आपलं खत आपल्या मुळातच करून खाती. आन बी मह्याजवळ द्या."

सरांनी स्टूल आणलं. कमलबाईंच्या उजव्या तळहातावर चवळीच्या बिया ठेवल्या. एक एक बी बोटांवरून घरंगळायची, मातीत पडायची, कमलबाई ती शोधायच्या आणि दाबायच्या. एका सकाळीत अकरा बिया. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. सर वाफ्याकडे पाठ करून रस्त्यात उभे होते आणि जो जाईल त्याच्यावर ओरडत होते. एकाला गाडीच्या हॉर्नवरून, एकीला कचऱ्याच्या पिशवीवरून, जगदाळेंच्या कुत्र्यालासुद्धा. मला वाटलं, बायको आजारी आणि हा माणूस भांडत बसलाय. तिच्याकडे कुणी बघत थांबू नये म्हणून ते ओरडत होते, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षी वाफा वीतभर खचला आणि हिरवागार झाला. एप्रिलमध्ये, नळ दहा दहा दिवस येत नव्हता तेव्हा, चारपाच दिवसांतून एक बादली पुरायची. वांगी, चवळी, कोथिंबीर, कडेला दोडका. सर सकाळी प्रत्येकाच्या फाटकाला जुडी अडकवून जात आणि वर बजावत, "देठ फेकू नका. देठातच चव असती, तुम्ही लोकं पानं खाऊन मोकळे व्हता." मी ती कोथिंबीर रोज खाल्ली. कमलबाईंची बोटं आधी माती धरायला लागली, मग काडी, मग सुई. एके दिवशी त्यांनी मला हाक मारून ब्लाउजचं बटण दाखवलं. स्वतः लावलं होतं, वाकडं. दोघीजणी हसलो.

आणि तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या चौकटीला वाळवी लागली. खालून वर मातीची ओली रेघ. बोट लावलं तर बोट आत. मला पहिलं काय आठवलं? सर काय म्हणाले होते ते नाही. बायका पदराआड हसल्या होत्या ते.

त्याच संध्याकाळी जगदाळे टाइप केलेला अर्ज घेऊन आले. इतक्या लवकर अर्ज टाइप होत नाही हे मला कळायला हवं होतं. त्यांना त्या जागेवर वडिलांच्या नावाचा सभामंडप बांधायचा होता, हे अख्ख्या सोसायटीला माहीत होतं. अर्जात लिहिलं होतं की मोकळ्या जागेत पुरलेल्या लाकडांमुळे वाळवीचा प्रादुर्भाव झाला आहे, तरी वाफा त्वरित हटवावा. "वहिनी, पहिली सही तुमची. नुकसान तुमचं झालंय." मी सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी फसवलं नाही. मला बरं वाटत होतं म्हणून केली.

दुसऱ्या दिवशी सर फाटकाशी आले. ओरडायला आले असतील असं वाटलं, पण ते समजावून सांगायला लागले, वर्गात सांगत असतील तसं. "मॅडम, वाळवी उघड्यावर चालत नाय. मातीची नळी करून आतून येती. वाफ्यापासून तुमच्या दारापर्यंत पन्नास पावलं हायेत. नळी दाखवा, मी सोताच्या हातानं वाफा मोडतो." मी म्हणाले, मला ऑफिसला उशीर होतोय. आणि दार लावलं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा झाली. जगदाळे वाळवीवर बोलले, मग सभामंडपावर बोलले, आणि दुसऱ्या विषयावर जास्त वेळ बोलले. सर उठून म्हणाले की एकदा खणून बघा, दहा मिनिटाचं काम आहे. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "त्यांना मंडप कशाला हवा असेल? त्यांचं वेगळं असतं."

सरांच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. वेगळं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं, आणि एकानेही मान वळवून बोलणाऱ्याकडे बघितलं नाही. मीही नाही. टाकीतून दोन लिटर पाणी वाहिलं तर गल्ली डोक्यावर घेणारे सर ते वाक्य ऐकून खाली बसले. शिकलेली माणसं आम्ही, बँकेतली, शाळेतली, विम्यातली. एवढी माणसं गप्प बसण्यासाठी तिथे जमली होती.

विरोध असेल त्यांनी सही करा, असं जगदाळे म्हणाले. घर कमलबाईंच्या नावावर होतं, म्हणजे सही त्यांची लागणार. त्या काठी टेकत टेबलापर्यंत आल्या. जगदाळेंनी मोठ्या मनाने शाईचा पॅड पुढे सरकवला. "वहिनी, त्रास नका घेऊ. अंगठा चालेल."

"अंगठा मह्या आईनं लावला व्हता," कमलबाई म्हणाल्या. "मी नाय लावायची."

त्यांनी पेन उजव्या हातात घेतलं. ते एकदा निसटलं, टेबलावरून खाली गेलं. सर उठले नाहीत. कमलबाईंनी दुसरं पेन घेतलं. नाव पूर्ण लिहिलं, स्वतःचं, नवऱ्याचं, आडनावासकट. कमल दादाराव वाहूळ. अक्षरं मोठी, ओळ सोडून चाललेली, पण कुठेही तुटलेली नाहीत. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी माझ्या चपलांकडे बघत होते. विरोधात एक सही पडली. बाकी सगळा कागद आमच्या सह्यांनी भरलेला होता.

सोमवारी जेसीबी आला. मे महिना, आजूबाजूची जमीन भेगाळलेली. पहिल्या खोऱ्यालाच वाफ्याच्या पोटातून काळं, ओलं लाकूड वर आलं. ओंडके ओंडके राहिलेच नव्हते. हाताने तुटत होते, आत गांडुळं वळवळत होती. वाळवीचं नाव नाही. चालवणारा माणूस मशीन थांबवून खाली उतरला. त्याने मूठभर उचलून पिळलं. बोटांतून पाणी गळलं. "साहेब, वाळवी कुठं हाय ह्याच्यात? सोनं हाय हे. वावरात टाकायला न्यावं का?"

"तू तुझं काम कर," जगदाळे म्हणाले. त्याने केलं. कमलबाई खुर्चीवर बसून उपटलेल्या झाडांवरची वांगी तोडून घेत होत्या, लहानसहानसुद्धा. सर त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले होते. सभामंडप अजून झालेला नाही. तिथे जगदाळेंची गाडी उभी असते.

पावसाळा संपता संपता मी चौकट बदलायला सुतार बोलावला. त्याने चौकट काढली आणि उंबरठ्याखालची फरशी उचलली. बिल्डरने स्लॅब टाकताना वापरलेल्या फळ्या खाली तशाच गाडून टाकल्या होत्या. वारूळ तिथे होतं. माझ्या घराच्या पोटात, पहिल्या दिवसापासून. "अन् चौकट आंब्याची हाय ताई," तो सुतार म्हणाला. "कुणी सांगितलं नव्हतं का?"

मी तशीच सरांच्या घराकडे गेले. दारात टेम्पो उभा होता, सामान भरलेलं. मुलगी चितेगावला असते, तिच्याकडे चालले होते. कडुबा दोर आवळत होता. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मी सरांना सगळं सांगितलं, फळ्या, वारूळ, आंबा. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं, चार घरं ऐकतील असं ओरडावं. मी उभी राहिले असते.

ते ऐकून घेऊन म्हणाले, "सही करायच्या आधी एकदा येऊन उकरून बघायचं व्हतं, मॅडम. मीच खोरं दिलं असतं." आणि गादीची गुंडाळी उचलायला आत गेले.

कमलबाई टेम्पोत पुढे बसल्या होत्या. मी खिडकीपाशी गेले. त्यांनी डावा हात बाहेर काढून माझा हात धरला. उजवा मांडीवर पडलेला होता, बोटं आत वळलेली. मी त्याच्याकडे बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"काम नाय ना त्याला आता," त्या म्हणाल्या.